‘ॲनिमेट’ आणि ‘प्राण’ : एका श्वासाची दोन घराणी

१/ भाद्रपद चतुर्थीच्या सकाळी कोल्हापुरात शाहूपुरीच्या, बापट कॅम्पच्या कुंभारांकडून गणपती घरोघरी येतात. मूर्ती पाटावर बसते, पण ती अजून माती असते. गुरुजी प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतात आणि त्यानंतरच तिला नैवेद्य दाखवला जातो. या विधीच्या नावातला ‘प्राण’ आणि इंग्रजीतले ‘ॲनिमेट’ हे क्रियापद यांचे नाते, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ निमित्त एका फिरत्या संदेशाचे आहे. ‘ॲनिमेट हा शब्द संस्कृतातून चोरला गेला, ॲनिमा म्हणजे आपली अणिमा सिद्धी’ असा तो दावा. पदवीच्या वर्षी मीही तो अभिमानाने चार गटांत पाठवला होता. त्यात एक गोष्ट खरी निघाली आणि दोन साफ खोट्या. खरी होती ती मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हती.

३/ आधी इंग्रजी शब्द पाहू. लॅटिनमध्ये ‘आनिमा’ म्हणजे श्वास, त्यावरून जीव, आत्मा. त्याचाच पुल्लिंगी भाऊ ‘आनिमुस’ म्हणजे मन, धैर्य, आवेश. ‘आनिमारे’ या क्रियापदाचा अर्थ श्वास भरणे, जिवंत करणे. इंग्रजीने ‘ॲनिमेट’ घेतला तो याच्या भूतकालवाचक धातुसाधितावरून. सोळाव्या शतकात तो क्रियापद म्हणून रुळलेला दिसतो.

४/ त्या काळात या शब्दाचा चित्रांशी संबंध नव्हता. जीव घालणे हा एक अर्थ आणि हुरूप देणे, उत्तेजन देणे हा दुसरा. सेनापती भाषण करून खचलेल्या सैन्याला ‘ॲनिमेट’ करी. पहिल्या अर्थामागे ‘आनिमा’ उभी आहे, दुसऱ्यामागे ‘आनिमुस’. आजही रंगात आलेल्या चर्चेला इंग्रजीत ‘ॲनिमेटेड’ म्हणतात, ते या दुसऱ्या अर्थाने.

५/ या कुळाचा विस्तार मोठा आहे. ‘युनॅनिमस’ म्हणजे एक मन असलेले, एकमुखी. ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे मोठ्या मनाचा. ‘ॲनिमॉसिटी’ मुळात आवेश होती, पुढे तो आवेश वैरात उतरला. आणि ‘ॲनिमल’ म्हणजे ज्याच्यात ‘आनिमा’ आहे तो. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. ज्याच्यात प्राण आहे त्याला आपण काय म्हणतो? प्राणी. घडण तंतोतंत तीच.

६/ हा योगायोग नाही. ‘प्राण’ या शब्दाची फोड प्र + अन् अशी होते. ‘अन्’ हा संस्कृत धातू, अर्थ श्वास घेणे. त्याचे रूप ‘अनिति’, उपसर्गासह ‘प्राणिति’. अप, वि, उद्, सम् हे उपसर्ग लागले की अपान, व्यान, उदान, समान. म्हणजे पंचप्राण हे एकाच धातूला पाच उपसर्ग लागून झालेले शब्द आहेत. वाऱ्याला ‘अनिल’ म्हणतात, तोही याच धातूचा.

७/ आता शेजारच्या भाषा पाहू. ग्रीकमध्ये ‘आनेमॉस’ म्हणजे वारा. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या ‘ॲनिमोमीटर’मध्ये तो आजही आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘अनाल’ म्हणजे श्वास. चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर झाले. त्यात येशूने शेवटचा श्वास सोडला हे सांगताना जे क्रियापद येते, त्याचा धातूही ‘अन्’च आहे. भारतापासून आयर्लंडपर्यंत एकच अक्षर आणि एकच अर्थ. फिरत्या संदेशातली खरी गोष्ट ती ही.

८/ आता खोट्या गोष्टी. पहिली ‘अणिमा’. हा शब्द ‘अणु’पासून झाला, अर्थ सूक्ष्मपणा. योगशास्त्रातील आठ सिद्धींपैकी ती एक. तिचा श्वासाशी संबंध नाही. कानाला ‘आनिमा’सारखी लागते, एवढेच. व्युत्पत्तीचा पहिला धडा असा की नुसता उच्चार जुळणे हा पुरावा नव्हे. अर्थ जुळावा लागतो, घडण जुळावी लागते आणि ध्वनींचे नियम इतर शेकडो शब्दांतही तसेच लागू पडावे लागतात.

९/ दुसरी खोटी गोष्ट अधिक लोकप्रिय आहे : ‘लॅटिन संस्कृतातून निघाली.’ १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य मांडले, तेव्हा त्यांनी या तिन्ही भाषांचा उगम एका समान मूळ भाषेत असावा आणि ती भाषा कदाचित आता उरली नसावी, असे म्हटले होते. म्हणजे आई आणि मुलगी नव्हे, तर बहिणी. ‘पण संस्कृतच ती आई कशावरून नसेल?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संस्कृतातच दडले आहे.

१०/ शाळेत ‘चकार’ हे रूप पाठ केलेले आठवते? धातू ‘कृ’, मग द्वित्व होताना ‘क’चा ‘च’ का झाला? ‘गम्’चे ‘जगाम’ का? ‘क’, ‘ग’ हे ध्वनी ‘इ’, ‘ए’ यांसारख्या स्वरांपुढे ‘च’, ‘ज’कडे झुकतात. पण ‘चकार’मध्ये ‘च’नंतर आहे तो ‘अ’. ग्रीकमध्ये अशाच द्वित्वात ‘ए’ दिसतो. म्हणजे संस्कृताच्या पूर्वरूपातही तिथे ‘ए’ होता. त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’मध्ये विरून गेला.

११/ १८७० च्या दशकात अनेक अभ्यासकांच्या हे लक्षात आले आणि चित्र पालटले. हा स्वर ग्रीक-लॅटिनने जपला, संस्कृतने बदलला. मुलीने जपलेली आणि आईकडे कधी नसलेली वस्तू वारशाने कशी येणार? म्हणून ‘अन्’ आणि ‘आनिमा’ ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे, आणि दोघांचे आजोबा तिसरेच. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने देत होते. ध्वनिनियमांच्या या शिस्तीला परकी म्हणण्याचे कारण नाही. ती आपल्याकडेही दीडशे वर्षे जुनी आहे.

१२/ एक जोडी आणखी. ‘जीव’ या शब्दाचे लॅटिन भावंड ‘वीवुस’ आणि इंग्रजी भावंड चक्क ‘क्विक’! त्याचा मूळ अर्थ जलद नव्हे, जिवंत. त्यावरून झालेले ‘क्विकन’ हे क्रियापद म्हणजे जिवंत करणे किंवा होणे. गर्भाची पहिली हालचाल आईला जाणवते, तिलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. म्हणजे जीव आणि प्राण या दोन्ही शब्दांचे नातेवाईक इंग्रजीत नांदतात. एक घरचाच, दुसरा लॅटिनमार्गे आलेला.

१३/ मग ‘ॲनिमेशन’ चित्रांकडे कसे वळले? स्थिर चित्रे एकामागून एक दाखवून हालचालीचा भास निर्माण होऊ लागला. निर्जीव रेषा हलली, तिला जणू श्वास फुटला, म्हणून जुनाच शब्द नव्या कलेला मिळाला. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगपेटीतल्या काड्या हलवून दाखवल्या. एक काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची.

१४/ कोल्हापुरात त्याच दशकात बाबूराव पेंटर हा चित्रकार-शिल्पकार स्वतः कॅमेरा घडवत होता. १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. नाटकाचे पडदे रंगवणारे हात आता हलती चित्रे घडवू लागले. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ स्थापन केली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी तिने ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. देशातल्या अगदी आरंभीच्या ॲनिमेशनपटांत त्याची गणना होते.

१५/ शेवटी पुन्हा गावातल्या मूर्तीकडे. २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन झाले. कारागिरांचा हात मूर्तीला लागण्यापूर्वी कलाकर्षण विधी झाला; मूर्तीतले देवत्व कलशात घेतले गेले आणि काम पुरे झाल्यावर ते पुन्हा मूर्तीत स्थापन झाले. पाषाण तोच, पण मधल्या काळात त्याच्याकडे पाहण्याची रीत वेगळी. श्रद्धा असो वा नसो, ‘जिवंत करणे’ या क्रियापदाला या शहरात किती काटेकोर अर्थ आहे, हे त्यातून दिसते.

१६/ तो संदेश पुन्हा आलाच, तर पाठवणाऱ्याशी भांडू नका. ‘अणिमा’ बाजूला ठेवा आणि त्याला ‘ॲनिमल’ व ‘प्राणी’ शेजारी शेजारी लिहून दाखवा. चोरीची गोष्ट खोटी आहे, पण नात्याची गोष्ट खरी आहे आणि ती कितीतरी मोठी आहे. लेखन नव्हते, नोंदी नव्हत्या, त्या काळात कोणीतरी श्वासाला एक नाव दिले. ते नाव आज गुरुजींच्या मंत्रातही आहे आणि व्यंगचित्रपटाच्या श्रेयनामावलीतही.

धागा समाप्त. तुमच्या घरच्या बोलीत ‘जीव’ आणि ‘प्राण’ यांचे वेगळे वाक्प्रचार असतील, तर खाली जरूर लिहा. कंठाशी नेमके काय येते, प्राण की जीव, यावर आमच्याच घरात एकमत नाही!