वेगाआधी ब्रेक : स्पोर्ट्स कारच्या रचनेचा इतिहास

१/ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. एकेकाळी असा वेग स्पोर्ट्स कारचाच मानला जाई. सामान्य मोटारीला तो पेलण्याजोगा कसा झाला?

२/ वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. या ऊर्जेचे सामर्थ्य बुलढाणा जिल्ह्यातच पाहता येते : लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर एका अशनीच्या आघाताने निर्माण झाले. मोटार थांबवताना हीच ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते.

३/ जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ती उष्णता कोंडून राही आणि वारंवार दाबल्यास ब्रेक क्षीण होत. डिस्क ब्रेकची तबकडी उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते. १९५३ मध्ये फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली. तिचा सरासरी वेग होता ताशी सुमारे १७० किलोमीटर.

४/ दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ रोजी, तेथेच अनर्थ घडला. पिटकडे वळण्यासाठी माइक हॉथॉर्नच्या जॅग्वारने ब्रेक लावले. मागची ऑस्टिन-हीली बाजूला वळली आणि तिच्यावर पिएर लेव्हेची मर्सिडीझ आदळून प्रेक्षकांत कोसळली. चालकासह ८० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. मर्सिडीझला ड्रम ब्रेकच होते. शिवाय तिला हलकी करणाऱ्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूने आग अधिकच भडकवली.

५/ पुढचा शत्रू होता वारा. वेगात मोटारीवरून वाहणारी हवा तिला वर उचलू पाहते आणि टायरची पकड सैल होते. म्हणून १९७२ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसला मागे बदकाच्या शेपटीसारखा उंचावलेला स्पॉयलर दिला गेला. दिसायला अलंकार, पण काम मागची चाके स्थिर राखण्याचे!

६/ हलकेपणा आणि सुरक्षितता यांची सांगड कार्बन फायबरने घातली. १९८१ मध्ये मॅक्लारेनने शर्यतीच्या मोटारीचा सांगाडा त्यातून घडवला. त्याच वर्षी मॉन्झा येथील भीषण अपघातातून चालक जॉन वॉटसन सुखरूप बाहेर आला. १९९२ च्या मॅक्लारेन एफ१ मुळे असा सांगाडा रस्त्यावरील मोटारीतही आला.

७/ महाराष्ट्रानेही या क्षेत्रात पाऊल टाकले. मुंबईचे दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोत झळकली. २०१७ मध्ये टाटा मोटर्सने जिनिव्हात १९० पीएस शक्तीची टॅमो रेसमो सादर केली. ती मात्र बाजारात आली नाही. दोन्ही मोटारींत इंजिन आसनांमागे होते. वजन मध्याजवळ राहिले की मोटार वळणावर चपळ होते.

८/ या प्रयोगांचे फळ सामान्य चालकालाही लाभले. आज साध्या मोटारीलाही पुढे डिस्क ब्रेक असतात आणि एप्रिल २०१९ पासून भारतात प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे आहे. तरी गणित बदलत नाही. ताशी १२० वेगाने मोटार सेकंदाला ३३ मीटर कापते. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेकनेही ती थांबायला सुमारे ७० मीटर लागतात; ताशी ६० वेगाला साधारण १८.

९/ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. ले मान्सप्रमाणे येथेही आघातानंतर आग आली. फरक एवढाच, की तेथे शर्यत होती आणि येथे माणसे झोपेत प्रवास करीत होती.

१०/ ले मान्सनंतर स्वित्झर्लंडने गोल धावपट्टीवरील शर्यतींवर बंदी घातली आणि मर्सिडीझ त्या हंगामाअखेर शर्यतींतून बाहेर पडली. पुढे ब्रेक, टायर, सांगाडा आणि प्रेक्षकांची सुरक्षा यांचा नव्याने विचार झाला. रस्ता वेगवान झाला, की वाहनाचे थांबणे आणि प्रवाशाचे वाचणे यांचाही तितकाच विचार करावा लागतो, हे त्या इतिहासाचे सार आहे.