बांबू झाड की गवत? दोन कायदे आणि मेंढा-लेखा

आज गडचिरोलीत जाऊ, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात.

बांबू गवताच्या कुळातला, हे शाळेत शिकलोय. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं कलम २(७) मध्ये 'झाड' या शब्दातच बांबू धरला. म्हणजे तोडलेला बांबू झाला लाकूड, आणि त्याचा वाहतूक परवाना, आपल्या भाषेत टीपी, वनखात्याच्या हातात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तोच बांबू गौण वनोपजात टाकला. म्हणजे गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाचा.

२००९ मध्ये मेंढाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर टीपी कोण देणार? हक्क कागदावर, बांबू जंगलात.

असे दोन कायदे भिडले की कोर्ट काय करतं? लगेच एक रद्द करत नाही. आधी दोन्ही जिवंत राहतील असा अर्थ शोधतं. अगदीच जमलं नाही, तर सामान्य कायद्यापेक्षा विशेष कायदा आणि जुन्यापेक्षा नवा वरचढ धरतं. शिवाय 'इतर कायद्यात काहीही असलं तरी' असे शब्द आहेत का, तेही बघतं.

वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये ते शब्द आहेत. पण कलम १३ म्हणतं, हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना कापायला नाही. अपवाद फक्त जिथं यात किंवा १९९६ च्या पेसा कायद्यात वेगळं सांगितलंय तिथं. दोन्ही एकत्र वाचा: वन कायदा राहतो, वाहतुकीवर नियमही राहू शकतो, पण त्या नियमानं विक्रीचा हक्कच मारता येत नाही. मला तरी हाच सरळ अर्थ वाटतो.

शब्दाचा अर्थ किती महाग पडतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. 'सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं: बांबू वनोपज आहे, पण बांबूची चटई नाही. ती माणसाच्या मेहनतीनं बनलेली वेगळीच वस्तू.

मेंढाचा तिढा मात्र सरकारी पातळीवर सुटला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. १९२७ च्या कायद्यातल्या 'झाडा'तून बांबू बाहेर पडला तो थेट २०१७ मध्ये, आणि तेही मुख्यतः शेतातला बांबू मोकळा करायला.

म्हणजे व्याख्या बदलायच्या सहा वर्षं आधीच ग्रामसभेला टीपी मिळाली होती. कायदा तोच, फक्त वाचायची पद्धत बदलली. तुमच्या गावाचा दावा अडकला असेल, तर कलम ४ आणि १३ शेजारी ठेवून वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!