आधी गोळी, मग तपासणी

मागच्या वेळी आपण केमोथेरपीपाशी थांबलो होतो. आज एका गोळीकडे येऊ. गेफिटिनिब, बाजारातलं नाव इरेसा. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी 2002 साली जपानने तिला पहिली परवानगी दिली, पुढच्या वर्षी अमेरिकेने. पेशीवर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं, ते पेशीला वाढीचा निरोप देतं. तो निरोप तोडायचा, एवढीच कल्पना. पण अमेरिकेतल्या चाचणीत शंभरात जेमतेम दहा जणांची गाठ आटली. त्यांत स्त्रिया जास्त, सिगारेट न ओढणारे जास्त. असं का, ते सांगता येईना.

2004 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी गुण आलेल्या रुग्णांच्या गाठींचे जपून ठेवलेले नमुने काढले आणि त्यातलं ईजीएफआरचं जनुक वाचलं. तिथेच बदल सापडला. हा बदल गाठीतला, बरं का, आईवडिलांकडून आलेला नव्हे.

तरी अंदाजाने गोळी देणं थांबलं नाही. मग पूर्व आशियात ‘आयपास’ चाचणी झाली. 1217 रुग्ण, सगळे ॲडेनोकार्सिनोमाचे, बहुतेक कधीच धूम्रपान न केलेले. म्हणजे गोळी लागू पडेल असा ज्यांच्याबद्दल अंदाज होता, तेच निवडलेले. निष्कर्ष 2009 मध्ये आले. जनुकात बदल होता त्यांच्यापैकी 71.2 टक्क्यांची गाठ गोळीने आटली, केमोने 47.3. बदल नव्हता त्यांच्यात केमोने 23.5 टक्के, आणि गोळीने? 1.1 टक्के. हा शेवटचा आकडा आपण जरा थांबून पाहू. रुग्णाची सगळी लक्षणं अंदाजात बसत होती, डॉक्टरांचा हेतू चांगला होता, आणि तरीही उपयोगी पडू शकणारं औषध बाजूला राहिलं.

आमच्या मते याच चाचणीतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. 1217 पैकी जनुकाचा निकाल मिळाला फक्त 437 जणांचा. छातीत सुई घालून काढलेला तुकडा शेवयासारखा बारीक. तो मेणात बसवतात, त्याला आपण ब्लॉक म्हणतो. कॅन्सर कुठला हे ठरवायलाच त्याचे बरेच काप खर्ची पडतात, जनुकासाठी कधी काही उरतच नाही.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पुढे 350 रुग्णांच्या चाचणीत गोळी आणि केमो एकत्र देऊन पाहिली, पण बदल आहे हे आधी तपासून. बाहेरगावचे नातेवाईक आपल्या पेशंटचा ब्लॉक पिशवीतून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन येतात ना, तो याच तपासणीसाठी लागतो.