वहीपासून चित्रफितीपर्यंत

पेठ वडगावच्या नांवांतच पेठ आहे. आणि पेठ म्हटली कीं रोजमेळ, खातेंवही व मागोमाग तंटा आलाच. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें अशा वह्या ग्राह्य धरल्या, मात्र नुसत्या वहीवर देणें शाबीत होत नसे. २००० सालीं संगणकीय नोंदींसाठीं ६५-ब कलम आलें : नकलेसोबत जबाबदार माणसाचा दाखला हवा. खरी कसोटी लागली ती जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यांत. २०१४ सालीं उमेदवारी अर्ज तीन वाजल्यानंतर आल्याचें कचेरीच्याच चित्रफितींत दिसत होतें. पण वारंवार मागूनहि अधिकाऱ्यांनीं दाखला दिला नाहीं! १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दाखला अनिवार्य ठरविला, तरी अशक्य गोष्ट कायदा मागत नाहीं म्हणून निवड रद्दच ठेवली. तपासांत लागणाऱ्या नोंदी दूरध्वनि कंपन्यांनीं वेगळ्या जपाव्यात, असेंहि बजावलें. १ जुलै २०२४ पासून ६३ व्या कलमाच्या दाखल्यांत फाइलीचा ‘हॅश’ लिहावा लागतो. एक अक्षर बदललें कीं तोहि बदलतो.