स्कायडायव्हिंगमधील कर्णरक्षण

विमानातून पॅराशूटसह उडी घेणाऱ्याचे कान मोठ्या आवाजापासून आणि हवेच्या झपाट्याने बदलणाऱ्या दाबापासून जपण्याचे उपाय. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाने 2022 मध्ये उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर स्कायडायव्हिंग महोत्सव भरवला, आणि इंदूरहून तास-दीड तासाच्या वाटेवर ही उडी घेण्याची सोय झाली.

पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी 190 किमीच्या आसपास पोहोचतो आणि कानांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज 100 डेसिबलपलीकडे जातो. नवख्याला हाच आवाज लक्षात राहतो. मात्र 10,000 फुटांवरून प्रशिक्षकाला बांधून घेतलेल्या टँडम उडीत तो साधारण अर्धा मिनिटच टिकतो. कानांची खरी झीज विमानात होते. उडीची विमाने लहान असतात, आवाज शोषणारे अस्तर नावापुरते असते आणि वर चढायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि 100 डेसिबलला ती जेमतेम 15 मिनिटे उरते.

हौसेने एकदाच उडी घेणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. पण 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर 2,400 फुटांवरून उडी घेणाऱ्या पुण्याच्या शीतल महाजन यांच्यासारखे खेळाडू आयुष्यात शेकडो उड्या घेतात, प्रशिक्षक तर एका दिवसात अनेकदा वर जातात. त्यांच्या कानांवर हा भार साठत राहतो. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

घरगुती कापसाच्या बोळ्याने आवाज अगदी थोडा कमी होतो. त्यावर विसंबू नये. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत दाबून धरावा. विमानात तो उत्तम. प्रत्यक्ष उडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. 10,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के असतो आणि खाली येताना तो भराभर वाढतो. हवाबंद प्लगमुळे प्लग व कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही, पडद्यावर ताण येतो. म्हणून हवेला हळूहळू वाट देणारे, बारीक छिद्राचे दाबसमतोल प्लग घेणे शहाणपणाचे. पडद्यामागच्या पोकळीतला दाब मात्र घशाकडे जाणाऱ्या नळीतूनच जुळतो. त्यासाठी आवंढा गिळावा, जांभई द्यावी.

रेडिओवरून सूचना घेणाऱ्या शिकाऊ उडीकराने प्लग घालण्याआधी प्रशिक्षकाला विचारावे. सर्दीत घशाकडे जाणारी नळी सुजून बंद होते. तेव्हा कोणताही प्लग कामाचा नाही, नुसते दडे बसण्यावर न थांबता पडदा फाटूही शकतो. नाक चोंदलेले असेल त्या दिवशी पैसे भरलेले असले तरी उडी पुढे ढकलावी.