पाचशे पौंडांची खिडकी

कॅन्सरच्या रुग्णाला शेवटच्या दिवसांत काय द्यायचं? औषध, पथ्य, स्वच्छ चादर हे तर आलंच. पण ‘मी जगलो त्याला काही अर्थ होता का,’ असं त्यानं विचारलं तर परिचारिकेनं काय करायचं? अशा वेळी मला लंडनमधली १९४८ सालची एक हकीकत आठवते.

सिसिली सॉन्डर्स महायुद्धाच्या काळात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, तेव्हा त्या रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. तिथं त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. वॉर्सॉहून आलेला, वेटरचं काम करणारा चाळिशीचा ज्यू. कॅन्सर शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला, जवळचं कुणी नाही. आपल्यामागे काहीच उरणार नाही, हे त्याचं खरं दुखणं.

एकदा तो म्हणाला, धीर येईल असं काही सांगा. सिसिलींनी बायबलमधलं स्तोत्र म्हटलं. त्या ख्रिस्ती, तो ज्यू. पण ती स्तोत्रं दोघांचीही. आणखी वाचून दाखवू का, असं विचारल्यावर मात्र तो नको म्हणाला. पुस्तकातलं नको, तुमच्या मनात असेल तेच हवं. त्या घरी गेल्या आणि दुसरं स्तोत्र पाठ करून आल्या. (आपणही रुग्णाच्या उशाशी पोथी ठेवतो, ती त्याला हवी आहे का, हे कितीजण विचारतात?)

फेब्रुवारीत डेव्हिड वारला. आपल्या पूर्वजांच्या देवाशी समेट झाल्याचं त्यानं वॉर्डातल्या सिस्टरना सांगितलं होतं. अशा रुग्णांसाठी वेगळं घर हवं, असं दोघं बोलत असत. त्या घरात आपली एक खिडकी असावी म्हणून तो ५०० पौंड ठेवून गेला.

खिडकीभोवती घर उभं राहायला १९ वर्षं लागली. मरणाऱ्यांकडे डॉक्टरच पाठ फिरवतात, तेव्हा आधी डॉक्टर व्हा, असं एका सर्जननी सुचवलं. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे एका रुग्णेला कुठं दुखतंय असं विचारलं, तर पाठीपासून सुरुवात करून ती ‘माझं सगळंच बिघडलंय’ इथवर आली. शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची मिळून एकच ‘समग्र वेदना’ असते, असं सिसिली मांडू लागल्या. मॉर्फिन मात्र दुखणं उफाळण्याआधी, ठरल्या वेळी द्यायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण कळवळणाऱ्या माणसाला देव सुचत नाही.

१९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. भारतातलं असं पहिलं घर, ‘शांती अवेदना’, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उघडलं.

सिसिलींनाही कॅन्सर झाला. २००५ मध्ये त्या गेल्या, त्या सेंट ख्रिस्तोफर्समध्येच. डेव्हिडची खिडकी तिथं दर्शनी भागात आहे.