धातुशोधकाच्या कॉइलचे शिल्डिंग

धातुशोधकाच्या (मेटल डिटेक्टरच्या) शोधकॉइलवर विद्युतवाहक पदार्थाचे पातळ आवरण चढवून ते परिपथाच्या ग्राउंडला जोडण्याची क्रिया. ओले गवत, जमीन किंवा हात कॉइलजवळ आल्याने होणारा खोटा आवाज या आवरणामुळे थांबतो. मात्र आवरण स्वतःच वाहक असते. शोधकाला ते धातू म्हणून जाणवता कामा नये, आणि घरी कॉइल बांधणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते.

गरज : कॉइल आणि तिच्या आसपासच्या वस्तू मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो. कॉइल हलली की त्याचे मूल्य बदलते. दोन आंदोलकांच्या वारंवारतांतील फरक ऐकवणाऱ्या बीएफओ प्रकारात हा दोष सर्वाधिक जाणवतो. १,००,००० हर्ट्‌झच्या आंदोलकात एकूण कपॅसिटन्स ०.१ टक्क्याने वाढला, तरी वारंवारता सुमारे ५० हर्ट्‌झने उतरते आणि हेडफोनमधला स्वर स्पष्ट बदलतो. प्रेषक व ग्राहक अशा दोन कॉइल असलेल्या प्रकारात याच कारणाने समतोल ढळतो.

तत्त्व : ग्राउंड केलेले वाहक आवरण बाहेरचे विद्युत क्षेत्र आत पोचू देत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये प्रयोगाने दाखवले. चुंबकीय क्षेत्र अडवायला मात्र वाहकाची जाडी पुरेशी लागते. १० किलोहर्ट्‌झला तांब्यात हे क्षेत्र सुमारे ०.६६ मिमी खोलीवर ३७ टक्क्यांपर्यंत घटते. स्वयंपाकघरातील फॉइल जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिमी जाड असल्याने ती आड आली तरी क्षेत्र जवळजवळ पूर्ण आरपार जाते.

फट : फॉइल कितीही पातळ असली, तरी कॉइलभोवती तिचे कडे पूर्ण झाले की तो एका वेढ्याचा शॉर्ट झालेला ट्रान्सफॉर्मर होतो. त्यात प्रवाह फिरतो, मूळ क्षेत्राला विरोध होतो आणि संवेदनशीलता घसरते. म्हणून आवरणात एका जागी साधारण १ सेंमीची फट कायम उघडी ठेवतात.

साहित्य व कृती : आवरणासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, तांब्याची चिकटपट्टी किंवा ग्राफाइट मिसळलेला रंग वापरतात. इनॅमल तारेचे वेढे दोऱ्याने घट्ट बांधून त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळतात आणि मग फॉइलची पट्टी किंचित एकावर एक येईल अशी चढवतात. अ‍ॅल्युमिनियमला साधा डाक धरत नाही. त्यामुळे कल्हई केलेली उघडी तांब्याची तार फॉइलला लागून, फट न ओलांडता फिरवतात, वरून टेप आवळतात आणि तारेचे एकच टोक केबलच्या जाळीला जोडतात. दोन कॉइलच्या रचनेत शिल्डिंग आधी उरकतात, समतोल नंतर साधतात आणि मगच इपॉक्सी ओततात, कारण आवरण चढवल्यावर आधीचा समतोल टिकत नाही.

पल्स इंडक्शन प्रकार : यात प्रवाह एकाएकी तोडून १० ते २० मायक्रोसेकंदांच्या आसपास परतीचा संकेत तपासतात. जाड फॉइलमधले भोवरी प्रवाह तोवर विझले नाहीत, तर शोधकाला आपलेच आवरण सापडते. म्हणून येथे जास्त रोध असलेला ग्राफाइट रंग किंवा अतिशय पातळ फॉइल बरी. कॉइल आणि आवरण यांच्यातील कपॅसिटन्समुळेही संकेत शांत व्हायला उशीर होतो. तो कमी राखण्यासाठी दोहोंमध्ये पॉलिथिनच्या सर्पिल नळीचा थर घालतात.

चाचणी : आवरण वेढ्यांना कुठे टेकलेले नाही, हे मल्टिमीटरने तपासता येते. फट मिटली आहे का, हे मात्र त्यावर कळत नाही. फॉइलची दोन टोके कड्याच्या लांबच्या बाजूने मुळातच जोडलेली असल्याने मीटर दोन्ही स्थितींत ‘जोड आहे’ असेच दाखवतो. त्यासाठी शिल्डिंगच्या आधी आणि नंतर इंडक्टन्स मोजावा. तो ठळकपणे घसरला, तर फट मिटली आहे असे समजावे. शेवटी शोधक चालू करून कॉइलवर हात फिरवावा. स्वर स्थिर राहिला पाहिजे.

मर्यादा : वीजवाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा आणि शेजारी चालू असलेल्या दुसऱ्या शोधकाचा त्रास शिल्डिंगने जात नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची वाहकता किंवा दख्खनच्या बेसाल्टी जमिनीतील मॅग्नेटाइट यांचा परिणामही चुंबकीय क्षेत्रातूनच होतो. तो परिपथातील ग्राउंड बॅलन्सने सांभाळावा लागतो. वेढे सैल राहिल्याने धक्क्यासरशी येणारे आवाजही कोणत्याच आवरणाने थांबत नाहीत. त्यावर उपाय एकच : वेढे घट्ट बांधून इपॉक्सीत पक्के बसवणे.